मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को: अंतर नेमके किती, आणि प्रवासाचे तास कसे मोजायचे?

मंगळवारपेठकर (कोल्हापूर)

नमस्कार. येत्या १० ऑक्टोबरला मी माझ्या सासूबाईंना घेऊन मुंबईहून दुबईमार्गे सॅन फ्रान्सिस्कोला जाणार आहे. माझे धाकटे दीर तिकडे नोकरीला आहेत आणि तीन महिने आम्ही त्यांच्याकडे राहणार आहोत. आई ७४ वर्षांच्या आहेत, त्यांचा हा पहिलाच विमानप्रवास आहे, आणि परदेशी जाण्याची माझीही ही पहिलीच वेळ आहे. तिकीट हाती आल्यापासून काही गोष्टींचा मेळ लागत नाही, म्हणून जाणकारांना विचारत आहे.

पहिली गोष्ट अंतराची. मी ज्या शाळेत शिकवते तिथल्या भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर मी मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को पट्टी ठेवून मोजले आणि नकाशाखालच्या प्रमाणपट्टीने हिशेब केला, तेव्हा उत्तर २२,००० किलोमीटरच्या जवळपास आले. इंटरनेटवर एका ठिकाणी थेट अंतर १३,५१० दिले आहे, दुसऱ्या ठिकाणी ८,३९५ आणि तिसऱ्या ठिकाणी ७,२९५. एकाच दोन गावांमधल्या अंतराचे चार आकडे कसे असू शकतात?

दुसरी गोष्ट वेळेची, आणि खरी काळजी तिचीच आहे. तिकिटावर मुंबईहून निघण्याची वेळ १० तारखेला पहाटे ४:३०, दुबईला पोहोचण्याची सकाळी ६:१५, तिथून निघण्याची ८:३० आणि सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचण्याची त्याच तारखेला दुपारी १:३० अशी आहे. वजाबाकी केली तर नऊ तास होतात, पण दीर म्हणतात की साडेएकवीस तास लागतील. आईंना रक्तदाबाची गोळी डॉक्टरांनी बारा-बारा तासांनी घ्यायला सांगितली आहे, आणि गेली कित्येक वर्षे त्या ती उजाडल्यावर एक आणि दिवेलागणीला एक अशी नेमाने घेत आल्या आहेत. प्रवास नऊ तासांचा धरायचा की साडेएकवीस तासांचा, यावर त्यांच्या गोळ्यांचे वेळापत्रक अवलंबून असल्यामुळे मला हा हिशेब नीट समजून घ्यायचा आहे, नुसते उत्तर नको आहे.

कोल्हापुरातून किती वाजता निघावे, हेही कोणी सांगितले तर बरे होईल.

भूगोलाचा मास्तर (गडहिंग्लज)

ताई, तुमच्या चार आकड्यांपैकी तीन आकडे बरोबर आहेत आणि ते तिन्ही एकच अंतर सांगतात. १३,५१० हे किलोमीटर आहेत, ८,३९५ हे आपले नेहमीचे मैल आहेत आणि ७,२९५ हे सागरी मैल आहेत. सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. वैमानिक आणि खलाशी आजही तेच माप वापरतात, कारण अक्षांशाचा एक मिनिट, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, जमिनीवर जवळपास एक सागरी मैल भरतो आणि त्यामुळे नकाशावरचे काम सोपे होते. पुष्कळ संकेतस्थळे आकडा ठळक देतात आणि एकक बारीक अक्षरांत देतात, त्यातून हा घोटाळा होतो. दोन संकेतस्थळांवर दोन्हीकडे किलोमीटरच असूनही वीस-तीस किलोमीटरांचा फरक दिसला तर त्याने गोंधळून जाऊ नये. कोणी पृथ्वी पूर्ण गोल धरून गणित करतो, तर कोणी ती ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे हे धरून करतो.

आता तुमचे २२,०००. ही तपासणी तुम्ही वर्गात मुलांकडूनही करून घेऊ शकाल. पृथ्वीचा परीघ साधारण ४०,००० किलोमीटर आहे. तुम्ही कोठूनही निघा आणि पृथ्वीच्या बरोबर पाठीमागच्या बिंदूला जा, तरी कमीत कमी अंतर २०,००० किलोमीटरच्या आसपासच भरेल. याचा अर्थ पृथ्वीवरच्या कोणत्याही दोन ठिकाणांमधले सर्वांत जवळचे अंतर २२,००० असूच शकत नाही. पट्टी तुम्ही नीटच ठेवली होती. गोलाचे साल सोलून ते भिंतीवर सपाट ताणले की जे होते, ते तुमच्या आकड्यात उतरले आहे.

नकाशाखालची प्रमाणपट्टी बहुधा विषुववृत्तापुरतीच खरी असते. तिथे रेखांशाचा एक अंश १११ किलोमीटर भरतो, मुंबईच्या अक्षांशावर तो १०५ किलोमीटर होतो आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या अक्षांशावर फक्त ८८. भिंतीवरचा नकाशा मात्र तिन्ही ठिकाणी त्याला सारखीच रुंदी देतो. शिवाय आपल्या नकाशांची कड पॅसिफिक महासागरात असते, त्यामुळे तुमची पट्टी आफ्रिका आणि अटलांटिक ओलांडून पश्चिमेला १९५ अंश गेली. पूर्वेकडून गेलात तर तेच अंतर १६५ अंश आहे.

पण पूर्व आणि पश्चिम या दोन्ही दिशा बाजूला ठेवून शाळेतला पृथ्वीगोल कपाटातून काढा. एक दोरा घ्या, त्याचे एक टोक मुंबईवर धरा, दुसरे सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि दोरा ढिला न सोडता ताणून धरा. तो आपोआप जिथे जाऊन बसेल तो सर्वांत जवळचा मार्ग, ज्याला भूगोलात बृहद्वृत्त म्हणतात. मुंबईतून हा दोरा जवळजवळ सरळ उत्तरेला, उत्तरेपासून पूर्वेकडे जेमतेम १४ अंश कललेला निघतो. दिल्लीच्या बाजूने लडाख, चीनचा शिंजियांग प्रांत आणि सायबेरियावरून आर्क्टिक महासागरापर्यंत जातो, ७६ उत्तर अक्षांशाच्याही वर पोहोचतो आणि मग अलास्कावरून खाली कॅलिफोर्नियात उतरतो. अमेरिका पश्चिमेला आहे हे आपल्या मनात इतके पक्के बसलेले असते की तिकडची वाट उत्तरेतून जाते, हे गोल हातात घेईपर्यंत पटत नाही. मी तीस वर्षे भूगोल शिकवला. या एका दोऱ्याने मुलांच्या चेहऱ्यावर जो बदल होतो तो दुसऱ्या कोणत्याही धड्याने होताना मी पाहिलेला नाही.

याच कारणाने मुंबई ते दिल्ली आणि दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को अशी दोन अंतरे मिळवली, तर बेरीज थेट अंतरापेक्षा जेमतेम दहा-वीस किलोमीटरांनी जास्त येते, कारण दिल्ली जवळजवळ वाटेवरच आहे. तुमच्या मार्गात मुंबई ते दुबई १,९३० आणि दुबई ते सॅन फ्रान्सिस्को १३,०२० अशी १४,९५० किलोमीटरांची बेरीज होते, म्हणजे थेट अंतरापेक्षा साधारण १,४४० किलोमीटर जास्त. सिंगापूरमार्गे गेला असतात तर हीच बेरीज १७,५०० च्या घरात गेली असती. आणखी एक सांगतो. दुबई आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्या रेखांशांत जवळपास १७८ अंशांचा फरक आहे, त्यामुळे त्यांच्यामधला ताणलेला दोरा उत्तर ध्रुवापासून अवघ्या २०० किलोमीटरांवरून जातो.

शिरोलीचा फौंड्रीवाला

मास्तरांनी अंतर इतके स्वच्छ सांगितले आहे की त्यात भर घालण्यासारखे काही नाही. कास्टिंगच्या निर्यातीच्या कामासाठी माझे अमेरिकेला जाणे-येणे असते, म्हणून वेळेबद्दल लिहितो.

ताई, तुमचे दीर बरोबर सांगत आहेत. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या विमानतळाच्या गावची असते. मुंबईची वेळ मुंबईच्या घड्याळाची, दुबईची दुबईच्या आणि तिकडची तिकडच्या. तीन वेगळ्या घड्याळांवरच्या वेळा एकमेकींतून वजा करता येत नाहीत, त्या आधी एकाच घड्याळावर आणाव्या लागतात. तुम्ही सगळ्या वेळा भारतीय वेळेत आणा. दुबई आपल्या दीड तास मागे आहे, आणि ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्को आपल्या साडेबारा तास मागे असते. तेव्हा कोल्हापुरातल्या घड्याळाप्रमाणे तुमचा प्रवास असा होईल: पहाटे ४:३० ला मुंबई सोडाल, सकाळी ७:४५ ला दुबईत उतराल, १० वाजता दुबईहून निघाल आणि त्या रात्री उलटून २ वाजता, म्हणजे ११ तारीख लागल्यावर, सॅन फ्रान्सिस्कोत उतराल. ४:३० पासून दुसऱ्या दिवशीच्या २:०० पर्यंत साडेएकवीस तास. तुमच्या नऊ तासांत साडेबारा तास मिळवले तरी हेच उत्तर येते, त्यामुळे पडताळाही होतो.

परतीच्या वेळी एक खबरदारी घ्या. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे एक तास मागे घेतात आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा पुढे करतात. तीन महिन्यांनी, जानेवारीत, तुम्ही परत निघाल तेव्हा फरक साडेतेरा तासांचा झालेला असेल. समजा परतीचे विमान १० जानेवारीला दुपारी ३:४५ ला सुटते आणि तुम्ही १२ जानेवारीला पहाटे २:३० ला मुंबईत उतरता. वजाबाकी पावणेपस्तीस तास येईल, त्यातून साडेतेरा तास काढले की सव्वाएकवीस तास उरतात. जाताना तारीख हलली नाही म्हणून प्रवास लहान वाटतो आणि येताना दोन तारखा उलटल्या म्हणून फार मोठा वाटतो, पण प्रत्यक्षात दोन्ही जवळपास सारखेच आहेत.

आता १३,०२० किलोमीटरला १६ तास का लागतात, हेही सांगतो, कारण हिशेब केलात तर ताशी ८१५ किलोमीटर येतील आणि विमान ९०० च्या आसपास वेगाने उडते असे सगळीकडे वाचायला मिळते. तिकिटावरचा काळ विमान दारापासून हलल्यापासून ते पलीकडच्या दाराशी थांबेपर्यंतचा असतो. त्यात धावपट्टीपर्यंतचे चालणे, रांगेत थांबणे, वर चढणे आणि शेवटी उतरणे हे सगळे येते. दुसरे म्हणजे विमान दोऱ्यावरून तंतोतंत जात नाही. कोणत्या देशाची हवाई हद्द खुली आहे, वारा कुठे अनुकूल आहे, दोन इंजिनांच्या विमानाला वाटेत गरज पडल्यास उतरण्याजोगा विमानतळ किती अंतरावर आहे, हे पाहून मार्ग रोज नव्याने आखला जातो. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाची हद्द युरोपीय कंपन्यांना बंद झाली, तेव्हा हेलसिंकी ते टोकियो हा साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांवर गेला. दोन गावे जिथल्या तिथेच होती आणि त्यांच्यातले अंतरही तेच होते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आपली हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणारी विमाने अरबी समुद्राकडून वळसा घालून जाऊ लागली. म्हणून मी कोणालाही अंतराला वेगाने भागून वेळ काढू नका असे सांगतो. तिकिटावर छापलेल्या वेळा एका घड्याळावर आणा आणि त्यांच्यावरच विश्वास ठेवा.

आणि वारा. साधारण दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार वाऱ्याचा पट्टा असतो, त्याला जेट प्रवाह म्हणतात, आणि हिवाळ्यात त्याचा वेग ताशी २०० किलोमीटरच्याही पुढे जातो. सिंगापूरहून सॅन फ्रान्सिस्कोला पूर्वेकडे जाताना विमानाला जेवढा वेळ लागतो, त्याहून परत येताना एक-दोन तास जास्त लागतात, ते याच्यामुळे.

कागलकर

एक शंका आहे. पृथ्वी स्वतःच पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, तेव्हा विमान हवेत असताना खाली पृथ्वी सरकत असणार. जाण्या-येण्याच्या वेळेतला फरक त्यामुळे पडत नाही का?

भूगोलाचा मास्तर (गडहिंग्लज)

ही शंका वर्गात दर वर्षी येते, आणि ती विचारणारा मुलगा विचार करतो आहे हे मला तेव्हाच कळते. पृथ्वीबरोबर तिचे वातावरणही फिरते. कोल्हापूर पृथ्वीच्या परिवलनामुळे ताशी सुमारे १,६०० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जात आहे. हवा मागे राहत असती तर रंकाळ्याच्या काठावर रात्रंदिवस तेवढ्या वेगाचा वारा वाहिला असता आणि काठच उरला नसता. विमान त्या हवेतच पोहते, त्यामुळे पृथ्वी त्याच्या खालून निसटून जात नाही. विमानाला महत्त्व असते ते जमिनीच्या तुलनेत हवा किती वेगाने वाहते आहे याचे, म्हणजेच फौंड्रीवाल्यांनी सांगितलेल्या वाऱ्याचे. मात्र तो वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो यामागे पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहे, म्हणजे तुमची शंका अगदीच निराधार नाही.

मंगळवारपेठकर (कोल्हापूर)

सर, तुमचे आणि फौंड्रीवाले दादांचे मनापासून आभार. आज मधल्या सुट्टीत पाचवीच्या मुलांना घेऊन गोलावर दोरा ताणून पाहिला. तो खरोखरच ध्रुवाकडे गेला, आणि एका मुलीने विचारले की मग बाईंना विमानातून बर्फ दिसेल का.

आता आईंच्या गोळ्यांचा प्रश्न उरतो. साडेएकवीस तासांचा प्रवास आहे हे कळले, पण त्यांना घड्याळापेक्षा उजाडणे आणि दिवेलागण यांचा आधार वाटतो. मी त्यांना म्हटले की विमानातही खिडकीतून दिवस-रात्र कळेलच, तेव्हा नेहमीप्रमाणेच घेऊ. हे बरोबर आहे ना?

शिरोलीचा फौंड्रीवाला

ताई, नाही. या एका बाबतीत कृपा करून खिडकीवर विसंबू नका. हे मी आग्रहाने लिहितो आहे, कारण या मार्गावर सूर्य आपल्या सवयीप्रमाणे वागत नाही, आणि मी ते स्वतः पाहिले आहे.

तुमच्याच तारखेचा हिशेब भारतीय वेळेत मांडतो. दुबईत उतरताना, ७:४५ च्या सुमारास, उजाडेल. तिथून विमान उत्तरेला निघेल आणि ध्रुवाजवळचा मार्ग असेल तर जितके वर जाल तितका सूर्य खाली जाईल, कारण २३ सप्टेंबरच्या सुमारास उत्तर ध्रुवावरचा सहा महिन्यांचा दिवस संपलेला असतो. आपल्या घड्याळात सायंकाळचे पाच वाजण्याच्या सुमारास बाहेर सूर्य मावळेल. पूर्ण काळोख होणार नाही, क्षितिजावर संधिप्रकाशाची तांबूस कड राहील. ध्रुव ओलांडून विमान पलीकडच्या अंगाने दक्षिणेला उतरू लागले की तीन-साडेतीन तासांतच, म्हणजे कोल्हापुरात रात्रीचे साडेआठ वाजलेले असताना, कॅनडाच्या उत्तर टोकाजवळ पुन्हा उजाडेल. तुम्ही मात्र अजून १० तारखेतच असाल. मग सॅन फ्रान्सिस्कोत दुपारी उतराल आणि तिथला सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळेल, तेव्हा आपल्याकडे ११ तारखेचे सकाळचे सव्वासात वाजले असतील.

आता मोजा. आईंनी उजाडल्यावर आणि दिवेलागणीला असा नेम पाळला तर ७:४५ ला एक, पाचला दुसरी, साडेआठला तिसरी आणि दुसऱ्या दिवशी सव्वासातला चौथी. चोवीस तासांच्या आत दोनऐवजी चार गोळ्या होतील, आणि त्यातल्या दोन गोळ्यांत तर साडेतीन तासांचेच अंतर राहील.

त्याऐवजी एक मनगटी घड्याळ भारतीय वेळेवरच ठेवा आणि ते प्रवासभर बदलू नका. मोबाइलचे घड्याळ उतरल्यावर आपोआप बदलते, म्हणून साधे घड्याळच बरे. आई घरी सकाळी सात आणि संध्याकाळी सात अशा घेत असतील तर पहिली गोळी मुंबई-दुबई विमानात सात वाजता होईल, दुसरी दुसऱ्या विमानात बसून नऊ तास झाल्यावर संध्याकाळी सातला होईल, आणि तिसरी भारतीय घड्याळाने ११ तारखेला सकाळी सातला, म्हणजे तिथल्या १० तारखेच्या संध्याकाळी साडेसहाला, दीरांच्या घरी. इथे दैव तुमच्या बाजूने आहे. बारा तासांची गोळी आणि साडेबारा तासांचा फरक, त्यामुळे आईंची इथली सकाळची गोळी ही तिथली संध्याकाळची गोळी होते आणि वेळ फक्त अर्ध्या तासाने सरकते. तिथे दिवेलागणीही त्याच सुमाराला होते, तेव्हा त्यांचा नेम पहिल्याच दिवशी पुन्हा जुळतो.

शाहूपुरीतले औषधदुकान

हिशेब योग्य वाटतो, पण ताई, हे वेळापत्रक कागदावर लिहून आईंच्या डॉक्टरांना एकदा दाखवा आणि त्यांच्या संमतीनेच पक्के करा, कारण कोणती गोळी किती पुढे-मागे चालते हे औषधागणिक बदलते. गोळ्या मोठ्या बॅगेत टाकू नका. ती बॅग चुकली किंवा उशिरा आली तर अडचण होईल. हाताशी राहणाऱ्या केबिन बॅगेत मूळ वेष्टनातच ठेवा, सोबत डॉक्टरांचे चिठ्ठीपत्र इंग्रजीत लिहून घ्या आणि तीन महिन्यांचा पूर्ण साठा इथूनच न्या. हे वाचणाऱ्यांपैकी कोणी इन्सुलिन घेत असेल तर त्यांनी वरचा हिशेब स्वतःला लावू नये. जेवणाच्या वेळा बदलल्या की मात्राही बदलावी लागू शकते, आणि ते डॉक्टरांनीच सांगावे.

तावडे हॉटेल थांबा

कोल्हापूर ते मुंबई या टप्प्याबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. माझी गाडी या रस्त्यावर वर्षानुवर्षे विमानतळाच्या भाड्याने जाते.

सगळ्यांत आधी तारीख. १० तारखेला पहाटे ४:३० चे विमान म्हणजे तुम्ही ९ तारखेला दुपारी घर सोडायचे आहे. हे सांगण्याचे कारण असे की एका कुटुंबाने तारीख वाचून त्या दिवशी रात्री जायचे असे धरले आणि ते विमानतळावर पोहोचले तेव्हा त्यांचे विमान जाऊन जवळपास पूर्ण दिवस झाला होता. पहाटेच्या विमानाच्या बाबतीत ही चूक शिकलेल्या माणसांकडूनही होते.

कोल्हापूर ते मुंबई हवाई अंतर ३०० किलोमीटरच्या आसपास असले तरी रस्त्याने सुमारे ३८० किलोमीटर पडतात. महामार्गाची कामे, पुण्याची वर्दळ आणि बोरघाटातली कोंडी धरून आठ-नऊ तास हाताशी ठेवा. आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी पोहोचायचे, म्हणजे रात्री दीडला, आणि वयस्कर व्यक्ती सोबत असल्याने वाटेत दोन-तीनदा थांबावे लागेल. तेव्हा दुपारी दोनला, फार तर तीनला निघा. महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्री निघून सकाळी मुंबईत पोहोचते, ती या विमानाला उपयोगाची नाही. आदल्या दिवशी सकाळची कोयना एक्स्प्रेस चालेल. उजळाईवाडीहून मुंबईचे विमान त्या दिवशी असेल तर तो टप्पा तासाभरात होतो, पण ते तिकीट वेगळे काढले असेल आणि ते विमान उशिरा आले तर पुढचे विमान तुमच्यासाठी थांबणार नाही, म्हणून मध्ये भरपूर वेळ ठेवा. तिकिटावर विमानतळाचे नावही नीट वाचा. आता नवी मुंबईचाही विमानतळ सुरू झाला आहे आणि तो आपल्या वाटेवर आधी येतो.

ऑक्टोबरात पुराची भीती नाही, म्हणून त्याबद्दल जास्त लिहीत नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये शिरोलीजवळ पंचगंगेचे पाणी महामार्गावर येऊन रस्ता बंद झाला होता. पावसाळ्यात जाणाऱ्यांनी एक दिवस आधीच मुंबई गाठावी.

मंगळवारपेठकर (कोल्हापूर)

सर्वांचे आभार. आज संध्याकाळी डॉक्टरांना कागद दाखवला. सात आणि सात या वेळा त्यांनी मान्य केल्या, आणि अर्धा-पाऊण तास पुढे-मागे झाला तर काळजी करू नका असे सांगितले. सासऱ्यांचे चावीचे घड्याळ कपाटात होते, ते दुरुस्तीला दिले आहे. आई म्हणाल्या की ते कोल्हापूरच्या वेळेवर लावून मीच हातात घालेन.

माझ्या मनात एक हिशेब राहून राहून येतो. आम्हाला कोल्हापूरहून मुंबईला जायला जेवढे आठ तास लागतील, तेवढ्या वेळात ते विमान दुबईहून उत्तर ध्रुवापाशी पोहोचलेले असेल. आईंना हे सांगितले तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, आणि मग त्यांनी विचारले की ते दुसऱ्यांदा उजाडलेले दिसायला कोणत्या बाजूला बसावे लागेल. मलाही ठाऊक नाही, म्हणून तुम्हालाच विचारते.

शिरोलीचा फौंड्रीवाला

डाव्या बाजूला, ताई. ध्रुव ओलांडल्यावर विमान दक्षिणेकडे तोंड करून जाते, तेव्हा पूर्व डावीकडे येते. मात्र त्या दिवशी विमानाचा मार्ग युरोप आणि ग्रीनलंडवरून आखला गेला तर सूर्य मावळणारच नाही, दिवसच लांबत राहील. ते समोरच्या पडद्यावरच्या नकाशात तुम्हाला दुबई सोडल्यावर दोन-तीन तासांत कळेल. आईंना उठून पाय मोकळे करता यावेत म्हणून त्यांना आतल्या वाटेजवळची जागा घ्या आणि खिडकी तुम्ही घ्या. भारतीय घड्याळात आठ वाजले की त्यांना खिडकीजवळ बोलवा. त्या वेळी बहुतेक प्रवासी झोपलेले असतात आणि झडपा खाली ओढलेल्या असतात, तेव्हा तुमची झडप थोडीशीच वर करा.